नाणं ठेवून बघू

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. माझी हकिकत ऐकताना मनात थोडा संशय जागा ठेवलात, तर मला मुळीच राग येणार नाही. मी स्वतः जन्माचा संशयी आहे. उलट पहिल्याच वाक्याला कोणी मान डोलावली की मला वाटते, याच्या मनात काहीतरी वेगळेच आहे.

दिसायला मी काही देखणा नाही. वीतभर उंचीचा पत्र्याचा डबा, पुढे गडद लाल काच, आत लहानसा बल्ब आणि मागे लांबलचक वायर. टांगण्यासाठी डोक्यावर एक कडी आहे. मला ज्यांनी घडवून घेतले त्यांना पुढे सगळे फोटोमामा म्हणू लागले. तेव्हा ते तरुण होते आणि त्यांनी नुकताच फोटो स्टुडिओ काढला होता. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात ते तासभर उभे राहिले आणि माझ्या प्रत्येक सांध्याला दोन-दोनदा डाख द्यायला लावला.

कारागीर वैतागला. “अहो, दिवा करायचाय की पाण्याची टाकी?”

“पाणी गळलं तर चालेल,” मामा म्हणाले. “उजेड गळायला नको.”

त्याचे कारण असे. त्या काळी फोटो अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवत. तो कागद फार हळवा असे. पांढऱ्या उजेडाची एक रेघ जरी अंगावर पडली तरी तो काळा पडे. मात्र लाल उजेड त्याला दिसतच नसे. म्हणून त्या खोलीत फक्त लाल दिव्याला प्रवेश. पण बाजारातली प्रत्येक लाल काच खरी असतेच असे नाही. काहींच्या लालात थोडा पिवळा लपून बसलेला असतो. तेव्हा मामांनी माझी परीक्षा घेतली. कोऱ्या कागदावर एक नाणे ठेवले, माझा उजेड त्यावर दहा मिनिटे पडू दिला आणि मग कागद औषधात बुडवला. माझ्यात खोट असती तर कागद करडा झाला असता आणि नाण्याखालचा तेवढा भाग गोल, पांढरा राहिला असता. कागद पांढराशुभ्र निघाला. नाण्याची कुठे खूण नव्हती.

“पास झालास,” मामा मला म्हणाले. त्या दिवसापासून मी मनाशी धरून बसलो की माझा उजेड म्हणजे उजेडच नव्हे. जगातले बाकीचे दिवे उपद्रवी, मी तेवढा धुतल्या तांदळासारखा.

संशयाची सवय मला तिथेच लागली. दाराखालची फट, किल्लीचे भोक, खिडकीवर ठोकलेल्या काळ्या कापडाचा सुटलेला कोपरा, या सगळ्यांवर माझी नजर असे. कोणी दार ठोठावले की वाटे, हा आता उजेड घेऊन आत घुसणार. मामाही तसेच होते. दाराची कडी लागली की नाही हे ते तीन वेळा हलवून बघत. त्या तीस वर्षांत माझ्यासमोर पाण्यातून किती चेहरे वर आले त्याची गणती नाही. आधी केस आणि डोळे दिसत, मग राहिलेला चेहरा. मामा म्हणत, “एकही कागद वाया गेला नाही रे तुझ्यामुळे.” एवढी शाबासकी मला पुरे होती.

मग लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनच फोटो काढू लागले. स्टुडिओला टाळे लागले. मामांनी कॅमेरे विकले, औषधाचे ट्रे वाटून टाकले, पण मला विकले नाही. खरे तर मला घेणारा कोणी भेटलाच नाही, पण मामा ते कबूल करत नसत.

काही महिन्यांनी मामांना बटाट्यावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात नोकरी लागली. काम झाडांची निगा राखण्याचे. तिथे एका लांब खोलीत चार लोखंडी कपाटे होती, माणूस आत उभा राहील एवढी मोठी, आणि प्रत्येकात चोवीस कुंड्या. आत ऊन नाही, वारा नाही. छताला दिवे आणि कोपऱ्यात पंखा. पहिल्या कपाटात निळे दिवे, दुसऱ्यात लाल, तिसऱ्यात दोन्हींची मिसळ आणि चौथ्यात साधे पांढरे. कुठल्या रंगाच्या उजेडात बटाटे कसे धरतात, हे तिथे शोधायचे होते. हा शोध ज्या तरुण संशोधक बाईंचा होता, त्यांना सगळे ताई म्हणत. दुसऱ्या कपाटातले लाल दिवे तसे माझ्या नात्यातले, पण मी त्यांना ओळख दाखवली नाही. नव्या चालीचे भडक दिवे, त्यांचा काय भरवसा.

मित्रांनो, बटाट्याचे झाड रात्र मोजते, हे मला तिथे कळले. रात्री लांब होऊ लागल्या की ते समजते, थंडी जवळ आली, आता पुढच्यासाठी साठवण केली पाहिजे. मग त्याच्या खोडापासून मातीत पांढरे दोरे फुटतात आणि दोऱ्यांच्या टोकाला बटाटे धरतात. रात्री लहान असल्या तर ते नुसता पाला वाढवत बसते. म्हणून चारही कपाटांत दिवस दहा तासांचा आणि रात्र चौदा तासांची ठेवली होती. दिव्यांनी खोली फार तापते, म्हणून दिवे बाहेरच्या गार रात्री लावत. सकाळी आठला कपाटातले दिवे विझत ते रात्री दहाला पेटत. म्हणजे बाहेर दुपारचे तीन वाजत तेव्हा कपाटात ऐन मध्यरात्र असे.

ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “मामा, पाणी सकाळी आठच्या आत. एकदा का कपाटातले दिवे गेले की आत उजेड अजिबात नको हं.”

“ते मला नका सांगू,” मामा हसून म्हणाले. “माझा जन्म त्यातच गेलाय.”

पहिल्या हंगामात एका दुपारी पांढऱ्या कपाटातला पंखा बंद पडला. कोणाला कळले नाही. रात्री दिवे लागले, कपाट भट्टीसारखे तापले आणि सकाळी दार उघडले तर चोवीसच्या चोवीस झाडे माना टाकून पडलेली. चूक पंख्याची होती, पण मामांनी ती मनाला लावून घेतली. पुढच्या हंगामाला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी माळ्यावरून मला काढले, फडक्याने पुसले आणि कापडी पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून कामावर नेले.

रोज दुपारी तीनला, डबा खाऊन झाला की, मामा त्या लांब खोलीचे दार आतून लावत. कडी तीन वेळा हलवत. खोलीतला दिवा बंद करत. मग माझी वायर जोडून मला कपाटात टांगत. एकेका कपाटाला दहा मिनिटे. ते पंख्यावर हात धरत, पाण्याची नळी चाचपत, पाने उलटी करून बघत आणि झाडांशी बोलत. “काय गं, आज मलूल दिसतेस? पाणी कमी पडलं का?” फक्त निळ्या कपाटाची कडी गंजून घट्ट बसली होती आणि मामांचा उजवा खांदा दुखरा होता. त्यांना ती उघडत नसे. सकाळी पाण्याच्या वेळी ताईच ती हातोडीने ठोकून उघडत. दुपारी मामा निळ्या कपाटाला नुसता कान लावून पंख्याचा आवाज ऐकत आणि पुढे जात.

मी डोळ्यांत तेल घालून पहारा करत असे. वेळ लावणारे घड्याळ उगाच टकटकते, असे मला वाटे. निळ्या कपाटातले दिवे मनात काहीतरी घेऊन बसलेत, अशीही माझी खात्री होती. ताई फोन हातात घेऊन खोलीत आल्या की मला धडकी भरे, कारण त्या फोनची काच कधी उजळेल याचा नेम नसे. एकाच्या उजेडाचा मला कधी संशय आला नाही. तो माझा.

तीन महिन्यांनी कुंड्या उपड्या करायचा दिवस आला. ताईंनी टेबलावर कोरे कागद अंथरले आणि निळ्या कपाटापासून सुरुवात केली. प्रत्येक कुंडीत बटाटे होते, सुपारीएवढे, लिंबाएवढे. ताईंचा चेहरा खुलला. मग लाल कपाट. एकाही कुंडीत काही नाही. नुसती मुळे आणि लांबच लांब पांढरे दोरे. मिसळीचे कपाटही तसेच. “म्हणजे सगळी करामत निळ्याची दिसते,” ताई म्हणाल्या. शेवटी त्यांनी पांढऱ्या कपाटातली कुंडी उपडी केली, आणि तीही रिकामी निघाली. मग दुसरी, मग तिसरी. ताई मटकन स्टुलावर बसल्या, कारण पांढऱ्या उजेडात तर आजवर हमखास बटाटे लागत आले होते.

केंद्राच्या मोठ्या साहेबांना बोलावणे गेले. साहेब म्हणजे दोन अधिक दोन चार झाले की हिशेब मिटला असे मानणारे गृहस्थ. त्यांनी चारही कपाटांच्या कड्या स्वतः उघडून पाहिल्या. निळ्याची उघडेना, तेव्हा ते थांबले.

“ही मामांना उघडते?” त्यांनी विचारले.

“नाही उघडत,” मामाच म्हणाले. “खांदा दुखतो माझा.”

“असं. म्हणजे जे कपाट तुम्हाला उघडत नाही, तेवढ्यातलेच बटाटे शिल्लक राहिले.”

मग दारात उभा असलेला, फाटकाशेजारचे स्टोअर सांभाळणारा स्टोअरकीपर घसा खाकरून म्हणाला, “मला कोणाचं वाईट चिंतायचं नाही, साहेब. पण गेल्या आठवड्यात फाटकाशी मामांची पिशवी कलंडली होती. दोन बटाटे घरंगळत माझ्या पायाशी आले.”

“बाजारातले होते ते,” मामा म्हणाले. “बायकोनं आणायला सांगितले होते.”

“आणि रोज दुपारी खोलीला आतून कडी लावून तुम्ही काय करता?” साहेबांनी विचारले.

“झाडं बघतो.”

“अंधारात?”

मामांनी पिशवीकडे एकदा पाहिले आणि नजर वळवली. अंधाऱ्या खोलीची रीत इथे कोणाला माहीत आहे, आणि या वेळी खिशातून उत्तर काढल्यासारखा दिवा दाखवला तर कोण विश्वास ठेवणार, असे त्यांना वाटले असावे. मी दोन हातांवर पिशवीत होतो. मला तोंड असते तर ओरडून सांगितले असते की ते बाजारातले बटाटे माझ्या अंगाला घासत घरी गेले होते. पण मित्रांनो, खरे सांगितले पाहिजे. एक क्षणभर माझ्याही मनात आले, की सकाळी पाणी घालताना तर मी पिशवीतच असतो, तेव्हा मामा काय करतात हे मला कुठे दिसते? ज्यांनी मला घडवले त्यांच्यावर मी संशय घेतला. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

ताई मात्र एका दोऱ्याचे टोक बोटावर घेऊन बघत होत्या. “साहेब, टोकं शाबूत आहेत. बटाटा तोडून नेला असता तर तुटल्याची खूण दिसली असती.”

“नवे दोरे फुटतात, हे तुम्हीच मागे सांगितलं होतंत,” साहेब म्हणाले. “मामा, उद्यापासून कपाटांकडे फिरकायचं नाही. फाटकावर बसा. पुढचं मी दोन दिवसांत ठरवतो. काढावं लागलं तर कारण लिहूनच काढावं लागेल.”

कारण म्हणजे चोरी. त्या संध्याकाळी घरी मामांच्या बायकोने पिशवीतून डबा काढला तर तो भरलेलाच.

“जेवला का नाहीत?”

मामांनी सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मीच म्हटलं होतं, येताना बटाटे आणा. नसते आणले तर काय अडलं होतं?” ती उठली, टोपलीतले उरलेले बटाटे तिने शेजारणीला देऊन टाकले आणि रिकामी टोपली धुऊन उपडी ठेवली. मामा म्हणाले, “तू का देतेस? आपण काही केलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई फाटकाशी आल्या आणि मामांच्या बाकावरच बसल्या.

“मामा, मला रात्रभर झोप नाही. तुम्ही चोरी केली असं मला वाटत नाही. पण एक सांगा, अंधारात तुम्हाला पंखा दिसायचा कसा?”

मामांनी पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढले. “ह्यानं. तुम्ही काळजी करू नका, ताई. लाल आहे. लाल म्हणजे अंधारच. नाणं ठेवून तपासलेला आहे हा.”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे तसे कोणी कधी पाहिले नव्हते.

“रोज?” त्यांनी हळूच विचारले. “दुपारी तीनला? तिन्ही कपाटांत?”

“दहा-दहा मिनिटं. निळं सोडून.”

“मामा,” ताई म्हणाल्या, “कागदाला लाल दिसत नाही. पण झाडाला तोच फार चांगला दिसतो. ऐन मध्यरात्री दहा मिनिटं लाल उजेड पडला की झाडाची मोजणी मोडते. चौदा तासांच्या एका रात्रीच्या सात-सात तासांच्या दोन रात्री होतात. त्याला वाटतं, रात्री लहान आहेत, साठवण करायची घाई नाही.”

मामांनी मला बाकावर ठेवले. “म्हणजे बटाटे कोणी नेलेच नाहीत.”

“लागलेच नाहीत.”

मी त्या बाकावर पडून सगळे ऐकत होतो. पहिल्यांदा मला वाटले, या बाई खोटे बोलत आहेत. निळ्या दिव्यांनी यांना फितवले आहे. मला दोष दिला की यांचे काम सोपे होते. तीस वर्षांचा माझा लौकिक काय हवेत उडून जाणार?

ताई मामांना घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि टेबलावर ठेवले. “पुस्तकातलं मलाही थोडंफार ठाऊक आहे, ताई. पण हे डबडं रोज दहा मिनिटं लावलं आणि बहात्तर कुंड्या रिकाम्या राहिल्या, हे मला पटत नाही. पकडलेल्याला निमित्त लागतं.”

मामा पुढे झाले. इतके दिवस ते साहेबांसमोर खाली बघून बोलत, त्या दिवशी त्यांनी नजर वर केली.

“साहेब, नाणं ठेवून बघू.”

मग त्यांनी कागदाची आणि नाण्याची गोष्ट सांगितली. “एकच कपाट घ्या, पांढरं. अर्ध्या कुंड्यांवर दिव्याचा उजेड पडू दे, अर्ध्या काळ्या कापडाआड झाका. त्या झाकलेल्या म्हणजे आपलं नाणं. कपाटाला कुलूप घाला आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवा. मी फाटकावरून हलणार नाही.”

“आणि दोन्हीकडे बटाटे लागले तर?”

“तर लिहा तुमच्या कागदात काय लिहायचं ते.”

साहेबांनी दोन महिन्यांची मुदत दिली. पांढऱ्या कपाटात नवी झाडे लावली, मधोमध छतापासून तळापर्यंत दुहेरी काळे कापड सोडले आणि त्याच्या एका अंगाला मला टांगले. दुपारी तीनला दहा मिनिटे मला पेटवायला एक घड्याळ बसवले. सकाळी साहेब येऊन कुलूप काढत, ताई त्यांच्यासमोर पाणी घालत आणि साहेब पुन्हा कुलूप लावत.

मित्रांनो, ते दोन महिने मी कधी विसरणार नाही. आयुष्यात प्रथमच मी मामांशिवाय पेटत होतो. पहिले काही दिवस मी रागातच होतो. करा परीक्षा, म्हटले, एकदा पास झालो तसा पुन्हा होईन. मग एके दिवशी, पेटल्यावर समोरची बारा झाडे पाहताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पास झालो तर मामा चोर ठरणार. मी निर्दोष म्हणजे ते दोषी. त्यांना वाचवायचे असेल तर मी खोटा ठरलो पाहिजे.

मग मी मातीकडे टक लावून बघू लागलो. खाली काय चालले आहे ते मला दिसत नव्हते. वर पाने टवटवीत होती, अंमळ जास्तच. त्याचाही मला संशय येई. हे झाड वरून असे हिरवेगार, खाली गुपचूप बटाटे तर धरत नाही ना? रोज तीन वाजता पेटताना मी मनात म्हणे, मला बघ, नीट बघ, दिवस उजाडलाय असं समज. ज्या उजेडाला मी जन्मभर उजेड मानले नाही, तो झाडाला दिसावा म्हणून मी काकुळतीला आलो होतो. एकदा माझा बल्ब मध्येच लुकलुकला. तेव्हा मामांची आठवण होऊन माझा जीव अर्धा झाला.

दोन महिने भरले. साहेबांनी कुलूप काढले. मामांना फाटकावरून बोलावले, स्टोअरकीपरही आला. ताईंनी आधी कापडाआडची कुंडी उपडी केली. माती फुटली आणि पाच बटाटे कागदावर गडगडले. दुसरीत चार. तिसरीत सहा. बाराही कुंड्या भरलेल्या. मग त्यांनी माझ्या बाजूची पहिली कुंडी उचलली. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

कुंडीत पांढरे दोरे होते. टोके शाबूत, आणि बटाटा एकही नाही. दुसरी तशीच. तिसरीतही काही नाही. नवव्या कुंडीत वाटाण्याएवढी एक गाठ निघाली, तेवढीच काय ती. बाकी सगळ्या रिकाम्या.

मी नापास झालो होतो. मला इतका आनंद कधी झाला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

साहेब हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. “असं आहे तर,” ते म्हणाले. “मामा, उद्यापासून कपाटांचं काम घ्या पुन्हा.” माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. चार झाले, हिशेब मिटला.

ताई म्हणाल्या, “चूक माझीही आहे, मामा. उजेड नको एवढंच मी सांगितलं. का नको, ते सांगितलं नाही.”

“मी तरी कुठे विचारलं?” मामा म्हणाले. “मला वाटलं, उजेडाचं मला सगळं माहीत आहे.”

ताईंनी कापडाआडचे बटाटे गोळा करून मोजले, वजन करून लिहून ठेवले आणि काम झाल्यावर मामांसमोर धरले. “हे घरी न्या. मामींना द्या.”

“नको,” मामा म्हणाले.

“का? आता कोण काय म्हणणार आहे?”

“पिशवीत नको, ताई.”

मग ताईंनी बटाटे एका उघड्या ट्रेमध्ये नीट मांडले, ट्रे स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि मामांच्या बरोबरीने चालू लागल्या. लांब खोलीतून, साहेबांच्या दारावरून, स्टोअरच्या खिडकीसमोरून, फाटकापर्यंत. स्टोअरकीपरने धावत येऊन फाटक उघडले. ताई मामांच्या घरापर्यंत गेल्या. मामांच्या बायकोने उपडी ठेवलेली टोपली सरळ केली आणि ट्रे तिच्यात रिता केला.

पुढच्या हंगामात ताईंनी सगळे काम पहिल्यापासून केले. या वेळी चारही कपाटांत बटाटे लागले. निळ्याखाली झाडे बुटकी आणि जाड, लालखाली उंच आणि लुकडी, बटाटे कुठे कमी, कुठे जास्त. निळ्या दिव्यांवरचा माझा संशय खोटा निघाला, तरी मी अजून त्यांच्याशी बोलत नाही. दुपारी पंखे बघायला मामांना आता मंद हिरवा दिवा मिळाला आहे. तोही पुरता विश्वासाचा नाही, म्हणून ताईंनी तो मिनिटभरच लावायला सांगितले आहे, आणि त्याचे कारणही सांगितले आहे.

मला वाटले होते, आता माझी रवानगी माळ्यावर. पण केंद्रात एक पाचवे, लहान कपाट आहे. तिथल्या झाडांचे शेंडे कापून नवी रोपे करतात. त्या झाडांनी बटाटे धरले तर पाला थांबतो आणि काम अडते. म्हणून तिथे आता मला टांगतात. रोज तीन वाजता मी दहा मिनिटे त्यांची रात्र मोडतो, आणि त्यासाठी मला शाबासकी मिळते. मामा सगळ्यांना एवढेच बजावतात, बल्ब तेवढा जपून वापरा, जुन्या मापाचे बल्ब आता मिळत नाहीत.

तर मित्रांनो, संशय घ्यायचाच असेल तर माझ्यासारखा उलट्या बाजूने घेऊ नका. आपल्याच हातातल्या दिव्यापासून सुरुवात करा. ज्याची काळजी घेता त्याला काय दिसते, काय खुपते, हे विचारून घ्या. आणि कोणावर आळ घेण्याआधी नाणे ठेवून बघा, कारण नंतर बघून भागत नाही. संध्याकाळी मामा मला पुसतात, पिशवीत ठेवतात आणि घरी निघतात. फाटकाशी आले की थांबतात. स्टोअरकीपर मान खाली घालून म्हणतो, “मामा, कशाला, जा ना.” कोणी मागत नाही, तरी मामा रोज पिशवीचे तोंड उघडून त्याला दाखवतात. आत मी असतो आणि रिकामा डबा.